उभं पत्र, आडवं पत्र

४ जानेवारी
परांचीवरून

आत्या,

नमस्कार, आणि तोही उताणी पडून. जमिनीपासून तीस फुटांवर आहे, पाठीखाली फळी, नाकासमोर हातभर अंतरावर नाट्यगृहाचं छत. पेन उलटं धरलं की रुसतं, म्हणून पेन्सिल. अक्षर वाकडं आलं तर मुद्रितशोधनाची तुझी लाल शाई वाया घालवू नकोस. तुला निवृत्त होऊन चार वर्षं झाली.

तू मला लहानपणी टिटवी म्हणायला लागलीस, कारण मी पाय वर करून झोपायचे. टिटवीसुद्धा तशीच झोपते म्हणे, आभाळ पडलं तर पेलायला. आता मला त्याचाच पगार मिळतो. छतावर कोणे एके काळी कुणीतरी आभाळ रंगवलं आणि त्यात एकशे चाळीस पक्षी सोडले. निम्म्यांची पिसं ओल लागून गेली आहेत. एकेकाला मी पुन्हा पिसं लावते.

आता बातमी. लिफ्टवाला हो म्हणाला! इथली लिफ्ट चार दिवसांत दुरुस्त व्हायला हवी होती, त्याने दोन महिने लावले. तेव्हाच मला संशय आला आणि शेवटी लग्नाचं मीच विचारलं. पठ्ठ्याने विचार करायला आठवडा घेतला. सोळा डिसेंबरला रंगाचा वीस लिटरचा डबा उचलून मी निघाले होते, तेवढ्यात मागून आवाज आला, "हो." मी डब्यासकट गर्रकन वळले. पाठीत कट् झालं, डबा पडला, आभाळी रंग त्याच्या बुटांवर. आम्ही दोघं हसून हसून बेजार.

फक्त त्या दिवसापासून डोकं दुखतं. आई म्हणते दृष्ट लागली. लागेल नाहीतर काय, सहा फूट दोन इंच आहे.

तुझी टिटवी


११ जानेवारी

प्रिय टिटवी,

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा शेजारीण विचारायला आली की एवढं हसायला काय झालं. मुलीने विचारलं आणि मुलाने आठवडा घेतला, हे वाचून तुझे आजोबा वर बसल्या बसल्या चष्मा पुसत असतील.

पण डोकेदुखी अशी एका ओळीत गुंडाळू नकोस. कुठे दुखतं, कधी दुखतं, कुणासमोर दुखतं, सगळं लिही. 'कुणासमोर' मुद्दाम म्हणते. शरीर खोटं बोलत नाही, हे मी अनुभवाने शिकले आहे. कोणता अनुभव ते विचारू नकोस.

आणि फोन करू नकोस. फोनवर बोललेलं दुरुस्त करता येत नाही.

तुझी आत्या


२० जानेवारी
घरून, टेबलाशी, पेनने

आत्या,

विचारलंस म्हणून सांगते. डोक्याच्या मागून मानेपर्यंत दुखतं. कुणी कवटी धरून खाली ओढल्यासारखं. कान पाण्यात बुडाल्यासारखे होतात. मळमळतं. तीन डॉक्टर झाले. एकाने चष्मा दिला. एकाने सर्दी साठली म्हणून वाफ घ्यायला लावली. तिसरा म्हणाला, लग्नाचं टेन्शन आहे, लग्न झालं की जाईल. आई म्हणते, "अंथरुणात अगदी ठणठणीत असतेस, उठलीस की तुझी नाटकं सुरू." घरातल्या कामाला मी कधी नाही म्हटलं सांग. पुढचं उद्या. अक्षरं नाचायला लागली.

(इथून पुढे परांचीवरून, पेन्सिलने.)

हां, आता बोल! इथे येऊन अर्धा तास झाला आणि डोकं लोण्यासारखं. आज एका बगळ्याला मान दिली. इतकी झोकात जमली की मीच त्याला नमस्कार केला.

आत्या, तुझं 'कुणासमोर' माझ्या डोक्यात शिरलं आणि मी हिशेब मांडला. हिशेब भयंकर आहे. रविवारी लिफ्टवाल्याबरोबर तासभर तळ्याकाठी फिरले, डोकं फुटायची वेळ आली. बुधवारी दुकानांतून पडदे बघत हिंडलो, तेच. गेला आठवडा तो कामासाठी परगावी होता, तर रोज संध्याकाळी त्याचा फोन. आमच्या घरात रेंज फक्त खिडकीत उभं राहिलं की मिळते. दहा मिनिटं बोलले की दुखायला सुरुवात. आणि इथे, जिथे तो कधीच येत नाही, तिथे काही नाही! तो येत का नाही, माहीत आहे? त्याला उंचीची भीती वाटते. लिफ्टवाला आणि उंचीची भीती! म्हणतो, लिफ्टच्या बोगद्याला चारी बाजूंनी भिंती असतात, तिथे काही वाटत नाही. तुझी परांची म्हणजे निव्वळ हवा. परवा खालूनच माझा डबा पाठवला, दोरीला बांधून, झाकणावर चिठ्ठी: 'माल वर जातो, माणूस जात नाही.'

मला तो इतका आवडतो ना, आत्या. आणि तो समोर आला की डोकं फुटतं. सुरुवात झाली तीसुद्धा त्याच्या 'हो'पासूनच. शरीर खरंच खोटं बोलत नाही का गं? तू म्हणशील तसं करीन.

टिटवी


२७ जानेवारी

प्रिय टिटवी,

हे पत्र लिहायला मला चार दिवस लागले. आता तो अनुभव सांगते.

मी तुझ्याएवढी असताना छापखान्यात एक बाइंडर होता. पुस्तकं शिवायचा. बोलायचा कमी, हसायचा त्याहून कमी, पण त्याने बांधलेलं पुस्तक उघडलं की आपोआप सपाट पडायचं. दर शनिवारी दुपारी तो माझ्या टेबलाशी कोरड्या बिस्किटांचा पुडा घेऊन यायचा आणि तो आला की मला उचकी लागायची. दर शनिवारी, न चुकता, तो जाईपर्यंत. एका शनिवारी त्याने मला विचारलं. मी उत्तर देणार तेवढ्यात इतक्या उचक्या लागल्या की शब्द फुटेना. घरी जाऊन विचार केला: ज्या माणसासमोर आपलं शरीर असं उसळतं, त्याच्याशी संसार कसा व्हायचा? सोमवारी मी नाही कळवलं. आज एकतीस वर्षं झाली. मला पुन्हा तशी उचकी लागलेली नाही. बाइंडरने नंतर लग्न केलं नाही. दुकान अजून चालवतो, माझ्याच गल्लीच्या टोकाला. मी पलीकडच्या फुटपाथने जाते.

बाळा, जीव कितीही गुंतला तरी डोकं फोडून संसार होत नाही. त्याला नाही सांग. तोंडाने जमणार नाही, पत्र लिही. आधी कच्चा मसुदा मला पाठव. माणसाला नकार देताना एकही चूक राहता कामा नये.

तुझी आत्या


३ फेब्रुवारी

आत्या,

दोन मसुदे पाठवते, एकेक प्रत माझ्याकडे ठेवली आहे. एक घरी लिहिला, एक परांचीवर. कोणता द्यायचा ते तू ठरव.

पहिला: "सप्रेम नमस्कार. आपले लग्न होऊ शकत नाही. प्रकृतीचे कारण आहे. तुमचा काही दोष नाही. पडदे परत करता येतील. कृपया राग मानू नये."

दुसरा: "अरे, तुला नाही म्हणायचं आहे, पण त्याआधी एक सांगू दे. चौऱ्याऐंशी नंबरचा पक्षी घुबड आहे आणि मी त्याला तुझं नाक दिलंय. कुणाला कळणार नाही. तू खालून बघितलंस तर तुला कळेल, आणि खालून बघायलाच तर तू जन्मलायस. मला तुझ्या डब्यावरच्या चिठ्ठ्या फार आवडतात. सगळ्या जपून ठेवल्या आहेत. मी नाही म्हणत्ये ते माझं डोकं म्हणतंय, मी नाही. म्हणजे मी 'नाही' म्हणत नाहीये. आता हे पत्र कुठे चाललंय मलाच कळेना."

तुझं उत्तर दहा तारखेपर्यंत आलं तर बरं. आईने हॉल ठरवायला घेतलाय आणि काल बसमध्ये उभी होते तेव्हा रडू आलं. दुखण्याने की कशाने, ते सांगता येणार नाही.

टिटवी


८ फेब्रुवारी
तातडीने

टिटवे,

दोन्ही मसुदे फाडून टाक! काही पाठवू नकोस! तुझी आत्या गाढव आहे!

सांगते. काल रात्रीचं जेवण आटोपून लाल पेन घेऊन बसले. मुद्रितशोधकाची सवय अशी की मजकुरात शिरण्याआधी कागद बघायचा. तुझी सगळी पत्रं टेबलावर पसरली. पेनची पानं एका बाजूला, पेन्सिलीची दुसऱ्या बाजूला. पेनच्या पानांवर एकही विनोद नाही, सगळी कण्हत लिहिलेली, ओळी उजवीकडे घसरलेल्या. पेन्सिलीच्या पानांवर तू नाचतेस. मी म्हटलं, असेल, घरी कंटाळत असेल आणि कामावर रमत असेल.

मग मोजलं. पेन्सिलीच्या पानांवर लिफ्टवाला तेवीस वेळा आलाय. नाक, चिठ्ठ्या, बूट, सगळ्यासकट. आणि तिथे डोकं दुखत नाही! बरं, तो परगावी होता त्या आठवड्यात तो कुठे होता? दोनशे मैलांवर. आणि डोकं दुखतच होतं. का, तर खिडकीत उभी होतीस. तळ्याकाठी फिरलीस म्हणजे उभी होतीस. पडदे बघत हिंडलीस, उभी. बसमध्ये उभी. टेबलाशी ताठ बसलेली. अंथरुणात ठणठणीत म्हणजे आडवी. परांचीवर आडवी.

तुझं डोकं माणसामुळे दुखत नाही, टिटवे. ते उभं दुखतं आणि आडवं थांबतं! डोकं दुखलं की कुणीही आडवं पडतं, म्हणून ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. तीन डॉक्टरांच्या नाही, वहिनीच्या नाही, आणि छापलेल्या ओळीतला हरवलेला अनुस्वार दहा पावलांवरून ओळखणाऱ्या माझ्याही नाही. मी तुला माझ्या उचकीची गोष्ट सांगत बसले.

मेंदूच्या मोठ्या डॉक्टरकडे जा. दुसरं काही सांगू नकोस, एवढंच सांग: "उभी राहिले की दुखतं, आडवी झाले की थांबतं, आणि हे पाठीत कट् झालं त्या दिवसापासून." याच क्रमाने.

आणि त्याला काही देऊ नकोस!

आत्या


१२ फेब्रुवारी
परांचीवरून, शेवटचं

आत्या,

उशीर झाला. सहा तारखेला बसमधून उतरले तेव्हा दुखण्याने डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. तो स्टॉपवर उभा होता. पर्समधून पेनचा मसुदा काढला, त्याच्या हातात दिला आणि वळून चालायला लागले. मागे बघितलं असतं तर तिथेच बसकण मारली असती.

दुसऱ्या दिवशी मी वर, चौऱ्याऐंशी नंबरच्या पक्ष्याजवळ. खालून शिडी करकरायला लागली. मला वाटलं ठेकेदार असेल. मग दाबलेल्या दातांतून ऐकू आलं, "एक... आई गं... दोन... आई गं..." आत्या, तो चढत होता! डोळे घट्ट मिटून, शिडीला मिठी मारून. वर पोचला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर एकही रंग शिल्लक नव्हता, आणि रंगातलं मला कळतं. उभं राहायची काय बिशाद. सरपटत फळीवर आला आणि माझ्या शेजारी उताणा पडला. दोन्ही हातांनी फळी धरलेली. पत्र दातांत.

पत्र काढून म्हणाला, "'कृपया राग मानू नये' असं लिहिलंयस. मला राग आलाय. ते सांगायला आलो."

मी म्हटलं, "तुम्ही डोळे तरी उघडा."

"तुम्ही काय, तुम्ही? पत्रातही तुम्ही! हे काय वीजबिल आहे? सरळ सांग, का नको?"

मग मी सगळं सांगितलं. तो हो म्हणाला तेव्हापासून कसं दुखतं, तळ्याकाठी, पडदे, खिडकी. तो एक डोळा उघडून हळूच म्हणाला, "आत्ता दुखतंय?"

दुखत नव्हतं. त्याचा खांदा माझ्या खांद्याला टेकला होता आणि काही म्हणजे काहीच दुखत नव्हतं. दोन तास आम्ही तिथे पडून होतो. घुबडाचं नाक त्याला दाखवलं. इतका हसला की परांची हलली, आणि परांची हलली म्हणून किंचाळला. त्याला उतरवायला चार माणसं आणि एक दोरखंड लागला. माल खाली आला, माणूसही आला.

मला काही कळेना. समोर आला की दुखतं आणि शेजारी आला की नाही? दहा तारखेला तुझं पत्र आलं. मी ते त्याला वाचून दाखवलं, जमिनीवर आडवी पडून. तो म्हणाला, "आत्यांना लिफ्टच्या खात्यात घ्या. बिघाड कुठे आहे ते दोन महिने कुणाला सापडत नव्हतं." मग त्यानेच गाडीच्या मागच्या सीटवर मला झोपवून डॉक्टरबाईंकडे नेलं. तुझं वाक्य त्याच क्रमाने म्हटलं. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "पुन्हा म्हणा." फोटो काढले, तपासण्या केल्या. मग समजावलं. आपला मेंदू म्हणे पाण्यात तरंगत असतो, आणि तेच पाणी पाठीच्या कण्याभोवती एका पिशवीत असतं. त्या डब्याच्या हिसक्याने माझ्या पिशवीला बारीकसं छिद्र पडलंय. पाणी पाझरतं. उभी राहिले की मेंदूला आधार कमी पडतो आणि तो खाली सरकतो, म्हणून ते ओढल्यासारखं वाटायचं.

म्हणजे नळ गळतो तशी मी गळत होते, आणि आम्ही नवरा बदलायला निघालो होतो!

येत्या सोमवारी माझंच रक्त दंडातून काढून पाठीत टोचणार आहेत, छिद्राजवळ. ते गोठतं आणि ठिगळ बसतं. मी भ्यायले आहे, आत्या. खरं सांगते, खूप. पहिल्याच वेळी जमेलच असं नाही, असंही बाई म्हणाल्या. पण आईला जेव्हा हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे मी रोज ओढून उठवत होते ते..." आणि तिने तोंडाला पदर लावला. मग तिलाच समजवावं लागलं, त्यामुळे भ्यायला वेळ मिळाला नाही.

टिटवी


१६ फेब्रुवारी

माझ्या टिटवे,

सोमवारी दिवसभर मी काही वाचणार नाही. नुसती बसून राहणार. ठिगळ बसलं की लगेच दोन ओळी पाठव. बसलं नाही तरी पाठव, दुसरं लावतील. एवढं लक्षात ठेव, की त्याला नकार देण्याचा सल्ला माझा होता आणि तो चुकीचा होता. छापून गेलेल्या पुस्तकात चूक सापडली की शेवटी शुद्धिपत्र जोडतात. हे माझं शुद्धिपत्र. माझ्यामुळे तुझा माणूस गेला असता, या विचाराने मला अन्न गोड लागलेलं नाही.

अन्नावरून आठवलं. काल चहा करायचा कंटाळा आला म्हणून कपाटातून कोरड्या बिस्किटांचा पुडा काढला. कितीतरी वर्षांनी. भराभरा तीन खाल्ली. पाणी घेतलं नव्हतं.

मला उचकी लागली.

घरात कुणीही नव्हतं, टिटवे.

आत्या


१ मार्च
घरून, खिडकीत उभी राहून, पेनने

आत्या!

कुठून लिहिते आहे ते वर वाच. पुन्हा वाच. उभी! पेनने! चाळीस मिनिटं झाली!

सुई टोचली तेव्हा पाठीत दाब आला, गुडघ्यांपर्यंत कळ गेली, आणि बाई म्हणाल्या, "हलू नका, ठिगळ बसतंय." दुसऱ्या दिवशी उठून बसले आणि वाट बघत राहिले. पाच मिनिटं, दहा, पंधरा. आई दारात उभी, हातात वाटी, वाटीत काय ते तिलाही माहीत नव्हतं. वीस मिनिटांनी मी म्हटलं, "आई, भूक लागली." ती तिथेच रडली आणि मीही रडले, आणि रडताना डोकं दुखलं नाही म्हणून आणखी रडले.

मग गंमत ऐक. चार दिवस सगळं उलटं झालं. उभी राहिले की उत्तम, आडवी झाले की कपाळात ठणका! बाईंनी आधीच बजावलं होतं, गळती थांबली की पाण्याचा दाब काही दिवस वर चढतो. ते चार दिवस मी घुबडासारखी उशांना टेकून बसून झोपले. तोही शेजारी खुर्चीत बसून झोपला, नाक वर करून. आईने दोघांवर एकच चादर टाकली आणि मग जीभ चावली. आता तेही थांबलंय.

सहा आठवडे वाकायचं नाही, वळायचं नाही, जड उचलायचं नाही. हॉल मेमधला घेतलाय. पक्षी थांबतील. रंगाचा डबा इथून पुढे तोच उचलणार, असं त्याने आईला वचन दिलंय. उचलून कुठपर्यंत नेशील, असं मी विचारलं. म्हणाला, "शिडीच्या पायापर्यंत." मग म्हणाला, "तू वर असशील तर वरपर्यंत. पण डोळे मिटून."

आता तुझं बोल. पत्र संपवताना तू बिस्किटाची गोष्ट सांगितलीस आणि पळालीस. मी पेन्सिलीने लिहिलं काय आणि पेनने काय, तू ओळखतेस. तू तो बिस्किटाच्या उचकीचा कागद कशाने लिहिलास ते मीही बघितलं. लाल शाईने. आत्या, लाल शाईने तू फक्त चुका दुरुस्त करतेस.

तुझी (उभी) टिटवी


७ मार्च

प्रिय उभ्या टिटवीस,

तुझं पत्र वाचून मी शेजारणीला मिठी मारली. तिला अजून कळलेलं नाही का.

तुझी सगळी पत्रं घेऊन काल गल्लीच्या टोकाला गेले, याच बाजूच्या फुटपाथने. म्हटलं, एवढे कागद सुटे राहायला नकोत, शिवून घ्यावेत. त्याचे केस पांढरे झालेत. कागद हातात घेऊन त्याने न वाचताच कडा जुळवल्या आणि विचारलं, "उभी बांधू की आडवी?" मला इतकं हसू आलं की काउंटरला धरावं लागलं. त्याला काहीच माहीत नव्हतं, पण तोही हसला. तेव्हा हसायचा नाही, असं मी तुला लिहिलं होतं. तीही चूकच होती बहुतेक. उचक्यांत ऐकू आलं नसेल.

पुस्तक शनिवारी मिळेल. आणायला जाण्याआधी एक चिठ्ठी पाठवणार आहे. मसुदा खाली देते. माझा प्रत्येक कागद मीच तपासलाय आजवर, पण हा तू तपास. दुरुस्ती सुचवू नकोस, फक्त लवकर परत पाठव, एकतीस वर्षं आधीच झाली आहेत.

"शनिवारी दुपारी मोकळी आहे. बिस्किटं आणा. पाणी मी आणते."

तुझी आत्या